खिशाला परवडणारी पणजी

नाशिकच्या गंगापूर रोडवर राहणाऱ्याला पाण्याची ओढ नवी नाही. अशोकस्तंभाकडून निघालं की गोदावरी थोड्या अंतरावरून सोबत करते, सोमेश्वरला धबधबा होऊन कोसळते आणि पुढे गंगापूर धरणाचा मोठा जलाशय लागतो. पण हे सगळं पाणी पूर्वेला जाणारं. ब्रह्मगिरीवर उगम पावणारी ही नदी पश्चिमेचा समुद्र इतका जवळ असताना त्याच्याकडे पाठ फिरवते आणि १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. त्यामुळे समुद्र पाहायचा तर नाशिककराला कसारा घाट उतरावाच लागतो.

आमच्याकडे गोव्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, “गाडी कोणाची?” गाडी, तिचं डिझेल, टोल, किनाऱ्यावरची खोली आणि रात्रीचा खर्च अशी बेरीज होते आणि बेत जेहान सर्कलजवळच्या चहाच्या टपरीवरच विरून जातो. आम्ही पाच मित्र. एक स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, एक तासिका तत्त्वावर शिकवतो, एक सातपूरच्या कारखान्यात कंत्राटी कामाला आहे, आणि उरलेल्या दोघांची मिळकतही जेमतेमच. म्हणून आम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली. आधी काँट्रीची रक्कम ठरवली, ती एकाच्या हाती दिली, आणि मग तेवढ्यात काय बसतं ते पाहिलं. नियम तीन ठरले. टॅक्सी करायची नाही, मुक्काम किनाऱ्यावर न करता पणजी शहरात करायचा, आणि गावातली माणसं जिथे जेवतात तिथेच जेवायचं. हे नियम पैशांसाठी केले होते, पण गोवा नीट पाहायचा तर पैसे असतानाही तेच पाळावेत, असं आता माझं ठाम मत झालं आहे.

नाशिकहून गोव्याला थेट रेल्वे आहे, हे आमच्या भागात पुष्कळांना माहीत नसतं. दिल्लीच्या हजरत निजामुद्दीनहून एर्नाकुलमला जाणारी मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस नाशिकरोडला थांबते आणि कल्याण-पनवेलवरून कोकण रेल्वेने मडगावला नेते. स्लीपरचं तिकीट माणशी पाचशे-सहाशेच्या घरात येतं. नाशिकरोडला ती भल्या पहाटे येते आणि खूप लांबून येत असल्याने कधीकधी उशिराही येते. तरी या गाडीची एक फार मोठी देणगी आहे. पनवेल सोडल्यावरचं सगळं कोकण ती दिवसाउजेडी दाखवते. मुंबईहून रात्रीच्या बसने जाणाऱ्यांना ते कधीच दिसत नाही.

कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर १९९८च्या प्रजासत्ताक दिनी सुरू झाली. रत्नागिरीच्या अलीकडचा कारबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. गाडी त्यात शिरली की डब्यातलं बोलणं आपोआप थांबतं. रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच आहे आणि खाली पाहिलं की माडांचे शेंडे जमिनीला टेकल्यासारखे वाटतात. घरून आणलेल्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि नाशिकचा चिवडा यांवर आमचं दिवसभराचं खाणं निभावलं. पॅन्ट्रीवाल्याकडून फक्त चहा घेतला.

मडगाव स्टेशनपासून गोव्याच्या सरकारी बससेवेचं, म्हणजे कदंबाचं, बसस्थानक थोडं लांब आहे. तिथवर जायला गोव्याची एक खास सोय मिळते, ती म्हणजे ‘पायलट’. काळ्या-पिवळ्या मोटारसायकलवर मागे बसवून नेणारा हा परवानाधारक चालक. एकट्याने जाणाऱ्याला रिक्षापेक्षा तो स्वस्त पडतो, मात्र भाडं आधी ठरवून घ्यावं. आम्ही पाचजण होतो, म्हणून शहर बसची वाट पाहिली. मडगाव ते पणजी कदंबाची शटल बस असते. खिडकीवर तिकीट काढून रांगेत उभं राहायचं, बस भरली की ती निघते आणि मध्ये कुठे थांबत नाही. तेहेतीस-चौतीस किलोमीटरचा हा प्रवास माणशी शंभर रुपयांच्या आत होतो. याच अंतराला टॅक्सीवाला जे मागतो, त्यात आम्हा पाचजणांची दोन जेवणं झाली असती.

पणजीचं बसस्थानक पाटो भागात आहे. तिथून उरेमची खाडी छोट्या पुलावरून ओलांडली की पाच मिनिटांत तुम्ही फोंतेन्यास आणि मळा या जुन्या वस्तीत पोचता. आमचा लॉज याच बाजूला होता. साधा, स्वच्छ, पंख्याचा, पाच खाटांची एकच मोठी खोली असलेला. मुक्काम शहरात केल्याचा फायदा पहिल्याच संध्याकाळी कळला. चर्च चौक, बाजार, मांडवीचा काठ, बसस्थानक आणि फेरीचा धक्का ही सगळी ठिकाणं चालत जाण्याच्या टप्प्यात होती. किनाऱ्यावर खोली घेतली की जेवायलासुद्धा वाहन लागतं.

फोंतेन्यास आता फोटोंमुळे इतकं प्रसिद्ध झालं आहे की सकाळी नऊनंतर तिथे लग्नाआधीचे फोटो काढणाऱ्यांची गर्दी होते. आम्ही उजाडताच गेलो. पिवळ्या, निळ्या, विटकरी रंगांची घरं, लोखंडी नक्षीच्या गॅलऱ्या, खिडक्यांखाली तुळस आणि क्रोटनच्या कुंड्या. एक आजी दारातली पायरी धूत होत्या. “फोटो काढा, पण पायरीवर बसू नका हां बाबांनो,” असं त्यांनी मराठीतच सांगितलं. ही राहती घरं आहेत, आणि इथल्या लोकांना पाहुण्यांचा किती त्रास होतो हे भिंतींवरच्या पाट्यांवरून कळतं. गल्लीत हळू बोलावं आणि कोणाच्या व्हरांड्यात शिरू नये. वस्तीतल्या सेंट सेबॅस्टियनच्या चॅपेलमधला क्रूस पूर्वी जुन्या गोव्यात इन्क्विझिशन या धर्मन्यायालयाच्या वाड्यात होता. त्यावरच्या येशूचे डोळे उघडे आहेत. वरच्या टेकडीवर मळ्याचा मारुती आहे. त्याच्या पायऱ्या चढून गेलं की लाल कौलांची पणजी एका नजरेत मावते.

पणजी राजधानी झाली ती जुन्या गोव्यातल्या रोगराईमुळे. साथींनी ते भव्य शहर ओस पडत गेलं. १७५९ साली व्हाइसरॉयने आपला मुक्काम मांडवीकाठच्या आदिलशहाच्या वाड्यात हलवला आणि १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी ठरली. तो वाडा आजही नदीला तोंड करून उभा आहे. त्याच्या शेजारी आबे फारियाचा पुतळा आहे. एका बाईवर झेपावल्यासारखा हात पसरलेला हा माणूस पाहून आमच्यातला एकजण दचकलाच. १७५६ साली कांदोळीत जन्मलेला हा धर्मगुरू पॅरिसला गेला. संमोहनाचं बळ संमोहित होणाऱ्याच्या मनात असतं, ते कुठल्या अदृश्य द्रवातून येत नाही, हे त्याने त्या काळात ठासून सांगितलं. पुतळा रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवला, १९४५ साली. तिथून जवळच मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दालनात निळ्या-पांढऱ्या पोर्तुगीज फरशांची भित्तिचित्रं आहेत. जोर्ज कोलासो यांनी १९३५ साली केलेली, पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातल्या प्रसंगांवरची. ती पाहायला पैसे लागत नाहीत. पाटोतलं कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयही कोणालाही मोकळं आहे. त्याची सुरुवात १८३२ सालची. दुपारच्या उन्हात तिथल्या गार वाचनकक्षात मराठी नियतकालिकं चाळत आम्ही घालवलेला वेळ मला समुद्राइतकाच आठवतो.

खाण्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण गोव्यात स्वस्त खायला मिळत नाही असा पक्का समज आहे. पणजीची सकाळ भाजी-पावाने उजाडते. आपल्या मुंबईच्या पावभाजीशी तिचा संबंध नाही. पातळ भाजी, सुकी भाजी, अळसांद्यांचं तोंडाक यांतली एक किंवा दोन मिसळून वाटीत येतात, आणि सोबत मऊ पाव, कुरकुरीत उंडो किंवा कोंड्याची पोई. कॅफे टाटो आणि कॅफे भोसले ही त्यासाठी नाव असलेली दोन ठिकाणं. सकाळी सरकारी कचेऱ्यांत जाणारी माणसं, बाजारातले हमाल, शाळेचे शिक्षक सगळे एकाच टेबलावर बसतात. चहा, भाजी-पाव आणि एक मिरची भजी एवढ्यात पोट भरतं आणि माणशी शंभराची नोट मोडून पैसे परत मिळतात. रात्री रस्त्याकडेला रस-ऑम्लेटचे गाडे लागतात. कांदा-मिरचीच्या ऑम्लेटवर शागोतीचा गरम रस ओततात, वर चिरलेला कांदा, लिंबू आणि दोन पाव. नाशिकच्या तर्रीबाज मिसळीवर वाढलेल्या जिभेला हा रस ओळखीचा वाटतो.

दुपारी मात्र थाळीच खावी. बाजाराच्या आसपासच्या खाणावळींत उकड्या तांदळाचा भात, माशाचं हुमण, सुक्या सुंगटांची किसमूर, एक भाजी, तळलेला छोटा मासा आणि सोलकढी मिळते. साध्या खाणावळीत ती दोनशेच्या आसपास पडते. सुरमई किंवा चणक वेगळी मागवली की बिल फुगतं. तेव्हा थाळीत जो मासा आहे तोच खावा. बांगडा नाहीतर मोरी असते, आणि ती ताजी असते. आमच्यातला एकजण शाकाहारी. त्याला खतखतं मिळालं. निरनिराळ्या भाज्या, तूरडाळ, ओलं खोबरं आणि तिरफळांचा वास असलेलं हे कालवण त्याने दोनदा मागून घेतलं.

आता फेरीबोटींविषयी, कारण या सहलीत मला सगळ्यांत जास्त आवडलं ते हेच. गोव्यात नद्या आणि बेटं पुष्कळ, पूल त्या मानाने कमी. म्हणून राज्याचं नदी परिवहन खातं ठिकठिकाणी फेरीबोटी चालवतं. चालत येणाऱ्याला तिकीटच नसतं. लोखंडी फळी धक्क्यावर आपटते, स्कूटरी उतरतात, कोळणी टोपल्या घेऊन चढतात, शाळेची मुलं कठड्याला टेकतात, आणि काही मिनिटांत तुम्ही पलीकडच्या तीरावर असता. पर्यटकांच्या क्रूझवर गाणी आणि दिवे यांचे पैसे घेतात. हीच मांडवी पणजी-बेती फेरीतून फुकट दिसते, तीही संध्याकाळच्या परतीच्या गर्दीत, गोव्याच्या माणसांसोबत. आम्ही नुसतेच पलीकडे गेलो आणि परत आलो, आणि कोणी हटकलं नाही. महाराष्ट्राच्या खाड्यांवर तरीचे पैसे मोजत आलेल्या माणसाला ही सोय फार मोठी वाटते. जलवाहतूक ही लोकांची गरज मानून ती फुकट ठेवणं हे धोरण मला मनापासून पटलं. आपल्या कोकणातही ते यायला हवं.

पणजीहून जुन्या गोव्याला जाणारी रायबंदरची बस घ्यावी. शहर संपताच ती पाण्याला लागून असलेल्या सरळ, लांब रस्त्यावरून जाते. हा लिन्यारिशचा पूल. व्हाइसरॉय काउंट लिन्यारिशच्या काळात १६३३-३४ साली बांधलेला, सुमारे तीन किलोमीटरचा. पावणेचारशे वर्षांहून जुन्या या बांधावरून आजही रोज बसगाड्या धावतात. आजूबाजूला मिठागरं आणि खारफुटी.

जुन्या गोव्यातलं बॉम जेझस चर्च १५९४ साली सुरू होऊन १६०५ मध्ये पूर्ण झालं. बाहेरचा गिलावा काढलेला असल्याने त्याचा जांभा दगड उघडा, लालसर तपकिरी दिसतो आणि तो मला पांढऱ्याशुभ्र चर्चांपेक्षा अधिक देखणा वाटला. आत सेंट फ्रान्सिस झेवियरचे अवशेष चांदीच्या पेटीत आहेत. दर दहा वर्षांनी ते लोकांसाठी खाली आणले जातात. समोरचं से कॅथिड्रल इतकं मोठं की त्यात आपलं बोलणंही बारीक होतं. तिथून उताराने नदीकडे गेलं की व्हाइसरॉयची कमान लागते, आणि तिच्यापुढे दिवाडी बेटाची फेरी.

बहुतेक सहली कमानीपाशी फोटो काढून मागे फिरतात. आम्ही फेरीत चढलो. दिवाडीवर उतरताच भातशेतं सुरू होतात. रस्ता सरळ, दोन्हीकडे पाणथळ, बगळे आणि मधूनच एखादी म्हैस. पियेदादेच्या टेकडीवर चर्च आहे. तिथून मांडवीचे फाटे आणि पलीकडची जुनी चर्चं दिसतात. बेटाच्या उत्तर टोकाशी आणखी एक फेरी आहे, ती नार्व्याला नेते. तिकडे जाण्याचं कारण श्रीसप्तकोटीश्वर.

सप्तकोटीश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचं आराध्यदैवत. त्यांच्या नाण्यांवरही त्याचं नाव आहे. मूळ देऊळ दिवाडीवरच होतं. पोर्तुगिजांनी ते पाडलं, तेव्हा भाविकांनी लिंग नदीपलीकडे नार्व्याला नेलं. १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. दारावरचा शिलालेख त्याची साक्ष देतो. अलीकडे, २०२३ मध्ये, राज्य सरकारने वास्तूची नव्याने दुरुस्ती पूर्ण केली. देऊळ लहान, घुमट बसका, समोर दीपस्तंभ आणि भोवती झाडी. मूळ देऊळ जिथे होतं त्या बेटावरून चालत येऊन, देवाने जी नदी ओलांडली तीच ओलांडून आम्ही इथे पोचलो होतो. गोव्याच्या आणि महाराष्ट्राच्या इतिहासाचा सांधा असा प्रत्यक्ष हाताला लागावा, आणि त्याला बसच्या तिकिटाखेरीज एक पैसाही पडू नये! आमचा खजिनदारही त्या दिवशी पैशांबद्दल काही बोलला नाही. या वाटेवर हॉटेलं विरळ आहेत, तेव्हा पाणी आणि खाऊ बरोबर ठेवावा. पाच-सहा किलोमीटर चालायची तयारीही असावी.

संध्याकाळ मिरामारची. पणजीतून मांडवीच्या काठाकाठाने कांपालमार्गे चालत गेलं तर तीन किलोमीटर होतात. वाटेत जुन्या पर्जन्यवृक्षांची रांग आणि चार्ल्स कोरिया यांनी आखलेली कला अकादमी लागते. मराठी नाटक आणि संगीत गोव्यात किती जिवंत आहे ते तिच्या फलकांवर वाचायला मिळतं. मिरामारला गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांची समाधी आहे. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा, असं मानणारे ते नेते. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात लोकांनी स्वतंत्र राहण्याच्या बाजूने मत दिलं. पुढे ३० मे १९८७ रोजी गोवा राज्य झालं.

मिरामारचा किनारा रुंद आहे. मागे सुरूची झाडं, समोर आग्वादचा किल्ला आणि डावीकडे काबोचं टोक. इथे मोठ्याने संगीत लावणारे शॅक नाहीत. शहरातली कुटुंबं, फुटबॉल खेळणारी मुलं, भेळेचे आणि उकडलेल्या शेंगांचे गाडे, फिरायला आलेले निवृत्त लोक असा सगळा मेळा असतो. इथेच मांडवी समुद्राला मिळते. ज्याची नदी समुद्रापासून दूर पळते अशा गावातून आलेल्या आम्हा पाचजणांना नदीचं गढूळ पाणी आणि समुद्राचं हिरवट पाणी जिथे एकत्र होतं ती रेघ पाहताना वेळ कसा गेला ते कळलं नाही. नदीमुखाजवळ प्रवाहाला ओढ असते, म्हणून इथे पोहू नये. पाय भिजवून परत फिरावं. करंजाळ्याच्या बाजूला गेलं की कोळ्यांच्या होड्या वाळूवर ओढलेल्या दिसतात. आणखी पुढे दोना पावला. ‘एक दूजे के लिये’ या १९८१च्या चित्रपटामुळे त्याचं नाव घराघरांत पोचलं. तिथल्याच टेकडीवर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे.

कळंगुटलाही गेलो, बसनेच. पाहावं असं आहे, राहावं असं नाही. किनाऱ्यावर जीवरक्षक असतात. लाल झेंडा असला की पाण्यात उतरू नये. उघड्यावर दारू पिण्यास आणि स्वयंपाक करण्यास बंदी आहे आणि दंड होतो. दुचाकी भाड्याने घ्यायची झाली तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्यावी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणं-घेणं बेकायदा आहे, आणि पोलिसांनी पकडलं तर वाचवलेले सगळे पैसे तिथेच जातात. आम्हाला दुचाकीची गरज भासली नाही. खासगी मिनीबस सगळीकडे जातात. मात्र संध्याकाळी सातनंतर त्या भराभर कमी होतात, तेवढं ध्यानात ठेवावं.

हिशेब मिटवला तेव्हा सर्वांत मोठा आकडा मुक्कामाचा निघाला, त्याखालोखाल रेल्वेचा. शहरातलं फिरणं आणि नाश्ता-जेवण मिळून त्या दोन्हींपेक्षा कमी. म्हणजे बचत करायची ती तारखा निवडताना. नाताळ ते नवीन वर्ष या काळात खोल्यांचे भाव कित्येक पटींनी चढतात, आणि २० नोव्हेंबरच्या सुमारास चित्रपट महोत्सव असल्याने पणजी भरलेली असते. फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्च चांगला. त्याच सुमारास कार्निव्हल आणि शिगमो असतात आणि त्यांच्या मिरवणुका रस्त्यावर उभं राहून फुकट पाहता येतात. पावसाळ्यात खोल्या स्वस्त होतात, पण समुद्रात उतरता येत नाही आणि कोकण रेल्वेचं वेळापत्रकही बदलतं.

गंगापूर रोडवरच्या, किंवा कुठल्याही रोडवरच्या, बेत करून मोडणाऱ्या मित्रमंडळींना एवढंच सांगतो. मंगलाचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. जातानाचं आणि येतानाचं तिकीट एकाच दिवशी काढता येईल अशा बेताने तारखा धरा, खोली पणजीतच घ्या, आणि फेरीची शेवटची वेळ धक्क्यावर विचारल्याशिवाय पलीकडे जाऊ नका.